ठाणं पस्तीस टक्के

त्यांच्या गाडीत बसायचं तर आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागे. मी वाढवून सांगत नाही. जिन्याखाली मीटरच्या खोलीशेजारी त्यांनी दवाखान्यात असतो तसला काटा कायमचा ठेवला होता. मला पहिल्यांदा त्यांनी गाडीतून सोडतो म्हटलं, तेव्हा बूट काढायला लावले, खिशातला किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवायला लावला आणि मग चष्मा कपाळावर सरकवून वाकून आकडा वाचला.

"ब्याऐंशी. सेक्रेटरी, ब्याऐंशी म्हणजे बाजारापर्यंत ठीक. कल्याणला यायचं असेल तर आठ किलो कमी करून या."

मी डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या सोसायटीचा बारा वर्षं सेक्रेटरी आहे. आकड्यांवर माझाही विश्वास आहे. पण शेजाऱ्याला अनवाणी काट्यावर चढवावं, इतका नाही.

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे, अजूनही राहतात. नोकरी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात झाली, गुणवत्ता तपासणीत. छत्तीस वर्षं त्यांनी रंगाचे डबे पास आणि नापास केले. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, सवय राहिली. भाजीवाला पास. नवा वॉचमन नापास. सत्यनारायणाचा प्रसाद, 'तूप कमी, पण पास'. माझी कारकीर्द बारा वर्षं तपासणीखाली आहे, निकाल अजून लागलेला नाही.

गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली. नाशिककडच्या कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये दोन इंजिनियरांनी काढलेली कंपनी, आणि तिची विजेवर चालणारी तीन चाकांची गाडी. पुढे दोन चाकं, मागे एक, वर अंड्यासारखं कवच, आत एकामागे एक दोन माणसं. रंग पोपटी. हा रंग मात्र त्यांनी न तपासता कसा पास केला, हे मला आजवर कळलेलं नाही.

कंपनी म्हणायची, एका चार्जवर एकशे वीस किलोमीटर. काकांनी पहिल्याच आठवड्यात मोजून ऐंशी काढले. दुसरा माणूस कंपनीशी भांडला असता. काका खूश झाले. "एकशे वीस कुणीही लिहील. ऐंशी हा आपला आकडा." गाडीचं वजन माहितीपत्रकात तीनशे वीस किलो दिलं होतं, तेही त्यांनी खातरजमा करायला एका भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर नेऊन पाहिलं. बरोबर तीनशे वीस भरलं. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "देनी है क्या?" तो अपमान काका विसरले नाहीत. त्या रस्त्याने ते पुन्हा गेले नाहीत.

तेव्हापासून त्यांच्या तोंडून किलोमीटर हा शब्द गेला. अंतरं टक्क्यांत आली. ठाकुर्ली चार टक्के. कल्याण स्टेशन नऊ टक्के. टिटवाळ्याचा गणपती पंचवीस टक्के, जाऊन-येऊन पन्नास. "चतुर्थीला जाणार का काका?" असं विचारलं की म्हणायचे, "एकतीस उरलेत, देवाला पुढच्या महिन्यात." त्यांची मुलगी ठाण्यात माजिवड्याला दिलेली. आमच्या गेटपासून तिच्या गेटपर्यंत शिळफाट्यावरून अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे ठाणं पस्तीस टक्के. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की आमच्या बिल्डिंगमधली पोरं भूगोलाच्या पेपरात तेच लिहितील अशी मला धास्ती होती.

टक्के वाचवायचे म्हणजे वजन वाचवायचं. मटार घ्यायचे तर ते भाजीवाल्याच्या गाडीशीच उभं राहून सोलायचे, सालं तिथेच. नारळ सोललेला घ्यायचा, तिथेच फोडायचा, पाणी तिथेच प्यायचं. एकदा मी त्यांना फडके रोडवर दोन डझन केळ्यांकडे विचारमग्न होऊन बघताना पाहिलं. मी घाईने पलीकडच्या फुटपाथवर गेलो.

चार्जिंगसाठी ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडायचे. पूर्वी बायका दोरीला पिशवी बांधून पाव-बटर वर घ्यायच्या, तसंच, फक्त उलटं. दोरीला वायर बांधलेली, खाली उतरताना ती पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून जायची. मी सेक्रेटरी म्हणून लेखी नोटीस दिली. तीन पानी उत्तर आलं. त्यात वायरची जाडी, दोरीची ताकद आणि पहिल्या मजल्यावरच्या टॉवेलांना असलेला धोका शून्य असल्याचं गणित होतं. मी ते तपासलं. गणित बरोबर होतं. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मंजूर करायला मग मला तीन सभा लागल्या. पॉइंट आला, पण दोरी त्यांनी जपून ठेवली.

या सगळ्यात काकूंचं वजन चौसष्ट.

हा आकडा मला माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण तो पूर्ण बिल्डिंगला माहीत होता. गाडी आली तेव्हा काकू हौसेने मागच्या सीटवर बसायला गेल्या होत्या. काकांनी काट्याकडे बोट दाखवलं. आकडा पाहिला आणि म्हणाले, "तू बसलीस तर ठाणं एक्केचाळीस टक्के होतं." काकू काट्यावरून उतरल्या, चपला घातल्या आणि रिक्षा करून स्टेशनला गेल्या. नंतर दर पंधरा दिवसांनी हेच. दोघं मुलीकडे एकाच वेळी निघायचे. काकू रिक्षा आणि ट्रेनने जायच्या, काका गाडीने. काकूंचा चहा होऊन कप विसळला जायचा तेव्हा काका गेटात शिरायचे आणि विचारायचे, "कशी आलीस? त्रास झाला असेल."

गाडी घेतली त्याच वर्षी अधिक महिना होता. जावई धोंड्यांचं जेवण जेवायला डोंबिवलीला आला. आमच्यात अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेहेतीस अनारसे, दिवा, ताट. हे सगळं घेऊन, ढेकर देत जावई खाली आला आणि पार्किंगमध्ये थबकला. मी तिथेच टँकरवाल्याशी बोलत होतो.

"बाबा, ही रिक्षा उलटी करून घेतलीत का?"

"रिक्षा नाही. हिला दारं आहेत."

"कंपनी कुठली? कधी ऐकली नाही."

"तू ऐकली नाहीस हा कंपनीचा दोष नाही."

जावई मोठी डिझेल गाडी चालवतो. बोलतोही त्याच आवाजात. त्याने पोपटी कवचावर टिचकी मारली. "पैज लावता? पुढच्या अधिक महिन्यात ही स्वतःच्या चार्जवर माझ्या गेटात आली, तर वाण मी तुम्हाला देईन. सासऱ्याला. अनारशांसकट, सगळ्यांसमोर."

"आणि नाही आली तर?"

"तर भंगारात द्यायची आणि गुपचूप माझ्या गाडीतून फिरायचं. मध्ये चार्जिंग नाही, टेम्पो नाही, धक्का नाही."

भंगार हा शब्द ऐकताच काकांचे कान लाल झाले. "मान्य. आणि तोवर तुझ्याकडे येईन तो हिच्यातूनच येईन. नाहीतर येणार नाही."

जावयामागून उतरलेली मुलगी म्हणाली, "अहो बाबा, हे शेवटचं कशाला?"

"बोललो ते बोललो. सेक्रेटरी साक्षीला. हा माणूस आकडा मोडत नाही."

टँकरवाल्याने मला विचारलं, "साहेब, किती वेळ थांबू?" मी त्याला म्हटलं, साधारण तीन वर्षं.

दीड वर्षात कंपनी बंद पडली. काका ते मानायला तयार नव्हते. "बंद नाही, दुरुस्तीला आहे." कंपनीची एक कस्टमर केअरची बाई होती, तिचा नंबर त्यांच्याकडे होता. ती कधीच सोडून एका बँकेत लागली होती. तरी काका फोन करायचे, आणि मोठ्याने करायचे, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. "नाही ना तुम्ही आता तिथे? बरं, अभिनंदन. मागच्या चाकातून टकटक आवाज येतोय." ती बाई बिचारी बँकेत बसून सांगायची, काका, नट आवळून बघा. आवाज थांबायचा. काका म्हणायचे, "सर्व्हिस पास."

पण बॅटरीला नट नव्हता. ती म्हातारी होत चालली. ऐंशीचे साठ झाले, साठाचे चाळीस. मी पार्किंगच्या भिंतीवरचे त्यांचे खडूचे आकडे वाचत असे. कल्याण नऊ टक्क्यांवर होतं ते अठरावर गेलं. ठाणं सत्तरवर गेलं. आता जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होईना, मग काका मुलीकडे चार्ज लावून रात्रभर राहायचे. मुलगी खूश होती. जावई म्हणायचा, "बाबा आले की आमच्याकडे दोन पाहुणे असतात, एकाला प्लग लागतो." मग एके दिवशी भिंतीवर लिहिलेलं दिसलं, 'ठाणं १०४'. त्याखाली दोन रेघा.

त्यानंतर आठ महिने काका मुलीकडे गेले नाहीत. स्टेशन आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर आहे. बरं, मुलीला तोवर मुलगी झालेली. नातीला पहिला दात आला तो काकांनी फोनवर पाहिला. काकू परत आल्या की ते विचारायचे, "वजन किती भरलं तिचं?" काकू सांगायच्या नाहीत. एकदा मी स्पष्टच बोललो. "काका, हा हट्ट आहे."

"सेक्रेटरी, तुम्ही कधी खोटं बिल पास केलंत?"

"नाही."

"मग मला खोटं पडायला का सांगता?"

हा प्रश्न इथे लिहायला मला फारसं आवडत नाही.

त्यांना सोडवलं ते सरकारने. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर पूल झाला, तो पलीकडे माणकोलीला उतरतो. तिथून हायवेने ठाणं. मी माझ्या स्कूटरवर मोजून आलो, गेट ते गेट एकवीस किलोमीटर. एवढा मोठा पूल, हजारो माणसं वापरतात. काकांचा चेहरा असा, की त्यांच्या अर्जावर बांधला. पण बॅटरीही स्वस्थ बसली नव्हती. अधिक महिना उजाडला तेव्हा गाडीची पोहोच साडेएकवीस किलोमीटर राहिली होती, तीही काका एकटे असतील तर. टिटवाळा आता त्र्याण्णव टक्क्यांवर गेलं होतं. ठाणं अठ्ठ्याण्णव. शिल्लक अर्धा किलोमीटर. पुढचा अधिक महिना जवळजवळ तीन वर्षांनी. तोवर ही गाडी ठाकुर्लीलाही पोचली नसती.

काकांनी महिन्यातला शेवटून तिसरा दिवस ठरवला. आठ दिवस आधी सोलणं सुरू झालं. आता गाडी सोलली. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायाखालची मॅट काढली, वायपर काढले. स्वतः दोन दिवस संध्याकाळी नुसतं ताक प्यायले आणि एकसष्टवर आले. वाणाचं पितळी ताट रद्द. दिवा रद्द. "वाण तो मला देणार आहे, मी कशाला न्यायचं?" असं ते म्हणाले. यावर काकू प्रथमच माझ्यासमोर चिडल्या.

"जावयाच्या घरी अधिक महिन्यात रिकाम्या हाताने जायचं? लोक काय म्हणतील?"

"अनारसे घेतोय की. तेहेतीस, डब्याशिवाय नऊशे ग्रॅम."

"डब्याशिवाय?"

"कागदाच्या पिशवीत."

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळी नऊला निघालो. काकू साडेआठलाच रिक्षाने स्टेशनला गेल्या होत्या, त्याआधी पार्किंगमध्ये 'गाडीला हळद-कुंकू लावते' म्हणून दहा मिनिटं होत्या. मी साक्षीदार, स्कूटरवर मागे. काका ताशी पंचवीसच्या वर जात नव्हते. दर दहा टक्क्यांना खिडकीतून हात बाहेर काढून उरलेले दशक बोटांनी दाखवायचे. ठाकुर्लीच्या उड्डाणपुलाच्या चढावर मागून रिक्षावाल्याने विचारलं, "काय काका, वरात आहे का?" खाडीच्या पुलावर आठ बोटं. माणकोलीला हायवेला लागलो तेव्हा ट्रकवाले हॉर्न देत कडेने जायला लागले, आणि त्यांच्या वाऱ्याने ते पोपटी अंडं दर वेळी वीतभर सरकायचं. खरं सांगतो, मला भीती वाटली. खारेगावच्या पुढे दोन बोटं. साकेतच्या पुलावर एक. मी मीटर पाहिला आणि मनात भागाकार केला. आकडा जुळत नव्हता. कुठेतरी थोडी वीज जास्त जात होती.

माजिवड्याला जावयाच्या सोसायटीची कमान समोर दिसत होती, तेव्हा गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि उभी राहिली. काका आतच बसून राहिले. मी स्कूटर लावून कमानीपर्यंत पावलं मोजत गेलो. तीनशे चाळीस. म्हणजे अडीचशे मीटरच्या जरा वर.

कमानीत जावई मोबाइलवर चित्रीकरण करत उभा होता. शेजारी कडेवर मूल घेतलेली मुलगी, आणि काकू, अर्ध्या तासापूर्वीच आलेल्या. सगळे गाडीकडे आले. काका उतरले होते आणि रस्त्यावरच खाली वाकून चाकं तपासत होते. हवा बरोबर. ब्रेक मोकळा. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं, जिथून त्यांनी स्टेपनी काढली होती.

स्टेपनीच्या खड्ड्यात जुनं लुगडं अंथरलेलं. त्यावर समयांची जोडी. पितळी ताट. धोंड्यांचा स्टीलचा डबा, झाकणाला दोरा बांधलेला. आणि दोन डझन हापूसची पेटी.

काकांनी एकेक वस्तू हातात घेऊन तोलली. तोलताना ओठ हलत होते. "चौदा किलो," ते म्हणाले. "अगं, तू चौदा किलो घातलेस?"

"चौदा किलोने काय होतंय एवढं?"

"दोनशे साठ मीटर होतात!"

मी तिथेच मोबाइलवर करून पाहिलं. तीनशे वीस अधिक एकसष्ट, त्यात चौदा. दोनशे साठच येतात. माणूस कसाही असो, गणित बरोबर होतं.

"मातीत घालवलीस सगळी मेहनत," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज रस्त्यावर शोभणारा नव्हता. "अर्धा किलोमीटर हातात होता माझ्या. तीन वर्षं..."

"तीन वर्षं मी एकटी येतेय," काकू म्हणाल्या. आवाज वाढला नाही. "एकदा म्हणून बस म्हणाला नाहीत. चौसष्ट किलो जड होते तुम्हाला. म्हटलं मी नाही तर नाही, माझ्या हातचं तरी तुमच्याबरोबर येऊ दे."

जावयाने मोबाइल खिशात ठेवला. हे त्याचं मी आजवर पाहिलेलं सर्वांत शहाणपणाचं काम.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरीकाका, तुम्ही साक्षीदार. काय धरायचं?" आणि डोळ्याने खुणावलंही, की आली म्हणा. मला म्हणता आलं असतं. समोर म्हातारा उभा होता, एका हातात समई. पण त्यानेच मला मध्ये घातलं होतं, त्याला कारण होतं.

"बॅटरीवर वीस किलोमीटर सातशे चाळीस मीटर," मी म्हणालो. "उरलेले नाही."

काकांनी मान हलवली. मला वाटतं, मी आली म्हटलं असतं तर ते माझ्याशी पुन्हा बोलले नसते. "नापास," ते म्हणाले, आणि चावी जावयाच्या हातात द्यायला पुढे केली.

चावी काकूंनी घेतली. दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसल्या, पदर सावरला, नातीला मांडीवर मागून घेतली. "ढकला आता. बसायचं राहिलंय माझं."

पुढे हँडलवर काका, मागे काकू आणि नात, ढकलायला जावई आणि मी, असे गेटात शिरलो. वाण जावयालाच मिळालं, समयांसकट. अनारसे एकतीस भरले. दोन वाटेत काकांनी खाल्ले होते, वजन कमी व्हावं म्हणून. ते पोटात गेले तरी गाडीतच राहतात, हे छत्तीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला सुचलं नाही.

काका दोन दिवस तिथे राहिले. नातीला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा प्रयत्न झाला म्हणे, मुलीने हाणून पाडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन.

"सेक्रेटरी, भंगारवाला डोंबिवलीचाच बघायचाय, त्यामुळे गाडी घेऊन येतोय. ही मागे बसणार आहे. चौसष्ट किलो धरले तर पोहोच अठरा पूर्णांक चार. ठाकुर्लीच्या पुलाच्या अलीकडे, पश्चिमेला, औषधाच्या दुकानासमोर बंद पडेल. साडेअकराला तिथे दोरी घेऊन उभे राहा. आमच्या खिडकीतलीच घ्या, मजबूत आहे."

"काका, बंद पडणार हे माहीत आहे तर काकूंना ट्रेनने..."

"साडेअकरा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी एक रिक्षावाला ठरवून, दोरी घेऊन औषधाच्या दुकानासमोर उभा राहिलो. अकरा बत्तीसला पोपटी अंडं दिसलं. मागे काकू बसलेल्या, खिडकीची काच खाली, हातात अनारसा. गाडी माझ्यापर्यंत आलीच नाही. शंभरएक पावलं अलीकडे, एका चपलांच्या दुकानासमोर थांबली.

मी दोरी घेऊन तिथवर गेलो. काका उतरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, औषधाच्या दुकानाकडे पाहिलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि खिडकीत वाकून म्हणाले,

"अगं, तू चौसष्ट नाहीस. सहासष्ट आहेस."

"दोन दिवस जावयाकडे जेवले," काकू म्हणाल्या. "बांधा दोरी."